भोक्यातून दिसलेलं माहेर

आमच्या गावामागच्या डोंगराला माथ्याजवळ आरपार भोक आहे. दोन बैलगाड्या एकीवर एक रचून हाकल्या तरी निघतील एवढं मोठं. पुण्याकडून येणारे ट्रेकर त्याला 'नेढं' म्हणतात, त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून फोटो काढतात. आम्ही त्या डोंगराला भोक्या म्हणतो. नाव काही फार देखणं नाही, पण डोंगरानं कधी तक्रार केलेली नाही.

भोक कसं पडलं याचे आमच्याकडे तीन इतिहास आहेत. वनवासात भीमानं तिथं कोपर टेकलं, हा पहिला. निजामाच्या फौजेनं तोफ डागली, हा दुसरा. तिसरा खरं तर भूगोल आहे: वाऱ्यापावसानं मऊ खडक झिजला आणि कडक तेवढा कमानीसारखा उरला. मी हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं भूगोलच शिकवतो आहे, त्यामुळे तिसरा इतिहास मला पगारापोटी सांगावा लागतो. पोट्ट्यांना पहिला आवडतो. गावातल्या म्हाताऱ्यांना दुसरा आवडतो, कारण तोफ डागावी इतकं आपलं गाव एकेकाळी महत्त्वाचं होतं असं त्यातून निघतं.

शाळेची हिवाळ्यातली सहल माझ्या आजोबांच्या काळापासून भोक्यावरच जाते. दुसरीकडे न्यायला पैसे लागतात, भोक्यावर फक्त पाय लागतात. वरच्या खडकावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे, त्याखाली बाबांचं, त्याखाली माझं. म्हणजे एकाच ऐतिहासिक स्थळाची आम्ही तीन पिढ्या नासधूस केली आहे, आणि आता मीच पोरांना सांगतो की दगडाला हात लावू नका.

वर एक रीत आहे. कमानीत शेंदूर फासलेला धोंडा आहे, तो मारोती. त्याला पाठ दाखवायची नाही. झाडोऱ्याच्या घळीतून वर यायचं, सपाट दगडावर उभं राहायचं, हात जोडायचे, भोकातून पलीकडे पाहायचं आणि तसंच उलट्या पावलांनी घळीपर्यंत मागे यायचं. सहलीचे सत्तर-ऐंशी पोट्टे उलटे चालताना एकमेकांच्या पायावर पाय देतात, एखादा आपटतो, सर ओरडतात. पण देवाला पाठ कोणी दाखवत नाही. ही रीत नीट ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी फजिती तिच्यामुळे झाली.

आता मायबद्दल. आईला आम्ही मायच म्हणतो. तिचं माहेर धाडच्या अलीकडे, आमच्या गावापासून फार तर तीन कोस. तिच्या माहेरच्या अंगणातून भोक्या दिसायचा, आणि त्याच्या भोकात सुईच्या नाकाएवढं आभाळ दिसायचं. तिचं लग्न भोक्याच्या पायथ्याच्या गावात ठरलं तेव्हा तिनं मनाशी सरळ हिशेब केला. माहेरातून भोक दिसते, म्हणजे भोकातून माहेर दिसणार. आपण डोंगराखालीच नांदायला चाललो, मग काळजी कसली. प्रत्यक्षात सुनांना डोंगर चढायला सवड कुठली. ती आली आणि चुलीला लागली.

मी पाचवीत जायच्या आदल्या उन्हाळ्यात मामाचं लग्न झालं आणि त्यात टोपीचं प्रकरण घडलं. आमच्याकडे लग्नात सोयऱ्यांना टोपी-टॉवेल देऊन मान करतात. बाबांची पाळी आली तेव्हा टोप्यांचा गठ्ठा संपला होता. मामानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "दाजी तर घरचेच हायेत, टोपी मंग देऊ." मामाला वाटलं आपण गोड बोललो. बाबांनी टॉवेल घडी करून मांडवाच्या खांबाला अडकवला, मायला आणि आम्हा दोघा भावंडांना उठवलं आणि भर उन्हात तीन कोस चालवत घरी आणलं. त्यानंतर पाच वर्षं दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. मायला त्यांनी एकदाच सांगितलं, "तुले जायचं असन तर जाय. पण मंग तिकडंच राह्य." एका टोपीपायी. आजही ते आठवलं की मला बाबांचा राग येतो आणि मग त्या टोप्या मोजणाऱ्याचाही येतो.

त्या वर्षी माझी ताई सातवीत होती. ती सहलीहून आली तेव्हा माय दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्या द्यायच्या आधी तिनं विचारलं, "दिसलं का?"

ताईनं भोकाकडे पाहिलंही नव्हतं. वरच्या सपाट दगडावर तिचं एका मैत्रिणीशी लोणच्यावरून भांडण झालं होतं आणि सगळा वेळ त्यात गेला होता. पण दारातला तो चेहरा पाहून ती म्हणाली, "हाव."

"काय दिसलं?"

"देऊळ."

देऊळ प्रत्येक गावाला असतं, त्यामुळे ताई सुरक्षित होती. मायचा चेहरा असा खुलला की मला ते पाहून घाबरल्यासारखं झालं. तिनं ताईला गरम भाकरीवर तूप आणि गूळ दिला. आमच्या घरी तूप सणाला निघायचं. मी त्या भाकरीकडे पाहत होतो आणि मनाशी माझा निर्णय होत होता.

पाचवीचा वर्ग दोन दिवसांनी गेला. मी मात्र भोकातून खरंच पाहिलं. पलीकडे खोल दरी, खाली पसरलेलं सपाट रान, आणि त्यात एक गाव होतं. देऊळ होतं, चिंचेसारखं एक झाड होतं. मी ते गाव मायचं धरलं. घरी येऊन सांगितलं, "देऊळ दिसलं, चिंच दिसली." माय वाट पाहत राहिली. तेवढ्यावर तूप मिळेल असं दिसेना. मग माझ्या तोंडातून निघालं, "आजी दिसली."

माय मटकन ओट्यावर बसली. "काय करत होती?"

"अंगणात बसली होती. ज्वारी पाखडून राह्यली होती."

"बरी होती?"

"एकदम."

मला तूप दोनदा मिळालं. ताई रात्री जेवताना माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर आमच्यात चढाओढच लागली. पुढच्या वर्षी ताईला आजी तर दिसलीच, शिवाय म्हैस व्यालेली दिसली. मी मामाच्या घरावर नवी टिनं चढवली. असं फार दिवस चालणार नाही हे आमच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही सहलीच्या आदल्या दिवशी गोठ्यामागे बसून काय पाहायचं ते ठरवू लागलो. जन्म, मरण आणि लग्न पाहायचं नाही असा नियम केला, कारण या गोष्टींचा बोभाटा होतो. आजी मात्र दरवर्षी असायचीच. कधी ज्वारी पाखडताना, कधी वाती वळताना. म्हैस आणि टिनं यांचं मायला कौतुक होतं, पण ती थांबायची ती आजीपाशी.

एवढ्या दुरून माणूस दिसतो कसा, हे तिनं कधी विचारलं नाही. उंचावरून खालचं सगळं स्वच्छ दिसतं असा तिचा सिद्धांत होता. एकदा धाडच्या बाजाराहून आलेला भांडेवाला ओट्यावर टेकला आणि सहज बोलून गेला की तुमच्या भावाच्या घरावर अजून कवेलूच आहेत, पावसात गळतात. माय शांतपणे म्हणाली, "तुले काय दिसन बाप्पा, तू खालून पाह्यतं." भांडेवाल्यानं बिचाऱ्यानं आपली भांडी उचलली. माहेरचे निरोप अधूनमधून यायचे, पण निरोपात 'सगळे खुशाल' यापलीकडे काही नसायचं. आमच्या बातम्यांत म्हशीचा आणि आजीच्या लुगड्याचा रंगसुद्धा असायचा.

बाबा या सगळ्यात नसल्यासारखे असायचे. पेपर तोंडासमोर धरून बसायचे. आमचा वृत्तांत संपला की पेपरामागून एखादा प्रश्न यायचा, "बैलं कशी हायेत त्याची?" आम्ही बैलंही चांगली ठेवायचो. एका वर्षी त्यांनी बराच वेळ घेऊन विचारलं, "मामानं तुह्या टोपी घातली होती का?" ताई म्हणाली, "नव्हती." बाबांना फार बरं वाटलं.

मी नववीत असताना, सहलीनंतर दोन महिन्यांनी, आजी अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. ती दिवाळीपासूनच पडून होती, असं त्या निरोप्यानं सांगितलं. सहल दिवाळीनंतरची. त्या सहलीतही मी आजीला अंगणात बसवून आलो होतो. बाबांनी स्वतः बैलगाडी जुंपली आणि मायला घेऊन गेले. माय पोचली तेव्हा आजी माणसं ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली. मामा आणि बाबा एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि टोपीचा विषय कोणी काढला नाही. घरी परतल्यावर मायनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही. दहावीच्या सहलीला मी तापाचं सोंग आणून घरी राहिलो.

त्यानंतर येणं-जाणं सुरू झालं आणि भोकातून माहेर पाहायची गरज संपली. पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो, सहली नेऊ लागलो, भोकासमोर उभा राहून झिजलेल्या खडकावर भाषण देऊ लागलो. माझं खोटं जुनं झालं आणि मी ते विसरलो. निदान तसं समजत होतो.

मागच्या हिवाळ्यात मायला माझ्या फोनवर एक व्हिडिओ दिसला. संभाजीनगरकडची कोणी ऐंशी वर्षांची बाई भोक्या चढून गेली होती आणि वर बसून चहा पीत होती. माय चौऱ्याहत्तरची. तिनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि मला म्हणाली, "येत्या इतवारी मले घेऊन चाल. माहं गाव मले माह्या डोयानं पाह्याचं हाय."

मी म्हटलं, गुडघे. ती म्हणाली, गुडघे माझे आहेत. मी म्हटलं, वर आग्या मोहोळ आहे. ती म्हणाली, मग तू पोरं कशी नेतोस. मी तिला डॉक्टरकडे नेलं, या आशेनं की ते तरी नाही म्हणतील. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात चालण्यासारखं औषध नाही, आणि वर मलाही चालायला सांगितलं.

मी ताईला खामगावला फोन लावला. म्हटलं, सुरुवात तू केली होतीस, आता तूच काहीतरी सांग.

"म्या फक्त देऊळ सांगतलं होतं," ताई म्हणाली. "आजी तू आणली."

एवढं बोलून तिनं कुकरची शिट्टी झाल्याचं सांगत फोन ठेवला. ती खरं बोलत होती. देवळाचं खोटं म्हणजे काही खोटं नव्हे. माय ज्या आजीला पाच वर्षं भेटू शकली नव्हती, ती आजी मी तुपासाठी दरवर्षी अंगणात बसवली होती. ते आता उघडं पडणार होतं आणि मायला ते सहन होईल की नाही हे मला कळत नव्हतं. मला भीती वाटत होती. हेडमास्तरांची, इन्स्पेक्टरची कधी वाटली नाही इतकी.

इतवारी सकाळी आम्ही निघालो. मायनं नऊवारीवर माझ्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड घातला होता आणि फडक्यात भाकरी-ठेचा बांधला होता. मी रात्रभर वाक्यं तयार केली होती. हवा धुरकट आहे. झाडं वाढली आहेत. तुझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याला तेवढं दिसणार नाही. बाहेर पाहिलं तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. चढताना मी दर वळणावर "दमलीस का, परत जाऊ का" विचारत होतो आणि माय दर वळणावर माझ्यासाठी थांबत होती.

वर पुण्याचं एक जोडपं होतं. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, बूट माझ्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा महाग. त्या मुलीनं कौतुकानं विचारलं, "आजी, तुम्ही एवढं चढून आलात?"

मायनं उलट विचारलं, "तुमचं गाव दिसते का इथून?"

"नाही हो, आम्ही पुण्याचे."

"मंग काऊन आले?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माय पुढे झाली, मारोतीपुढे वाकली, चष्मा पदरानं पुसला आणि भोकातून पाहू लागली. मी तिच्या मागे उभा.

"कुठी हाय?" तिनं विचारलं.

"ते तिकडं खाली. देऊळ दिसते का?"

"दिसते." ती जरा वेळ पाहत राहिली. "हे माहं गाव नाही."

"झाडं वाढली न माय आता, त्याच्यानं..."

"चूप बे."

तिनं मान वळवून सूर्याकडे पाहिलं. मग पुन्हा भोकाकडे. मग स्वतःचा उजवा हात वर करून त्याच्याकडे पाहिलं. "माह्या अंगणात भोक्याकडं तोंड करून उभं राह्यलं," ती सावकाश म्हणाली, "का सकायचा सूर्य उजव्या हाताले असते. इथंही उजव्याच हाताले हाय. म्हंजे तिथूनही मी उत्तरेकडंच पाहे, आन इथूनही उत्तरेकडंच पाहून राह्यली. मंग गाव पुढं कसं असन? गाव पाठीमागं असन ना बे."

मी भूगोलाचा मास्तर. अठ्ठावीस वर्षं त्याच दगडावर उभं राहून मी पोरांना दिशा शिकवल्या होत्या. काखेत कळसा, गावाला वळसा ही म्हण मी ऐकली होती, पण कळसा कुणाच्या काखेत आहे हे मला त्या क्षणी कळलं.

मायनं मारोतीला हात जोडले. "दोन मिनटं पाठ करतो देवा. माफ कर," म्हणाली आणि सरळ वळली. मीही वळलो. त्या दगडावरून दक्षिणेकडे मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घळीच्या झाडोऱ्यावरून थेट नजर जात होती. हरभऱ्याची हिरवी वावरं, काळी वावरं, मधून गेलेली सडक, आणि दूर एक पाण्याची टाकी. तिच्या बाजूला पांढरा ठिपका होता.

"ते पाह्य," माय बोट दाखवत म्हणाली. "ते देऊळ. ते चिंच."

खरं सांगतो, मला एकदम आनंद झाला. गाव दिसत होतं. म्हणजे मी अगदीच खोटारडा नव्हतो. त्या भरात मी बोलून गेलो, "पाह्य, मी म्हणत नव्हतो का दिसते म्हणून?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माय गावाकडेच पाहत होती. "म्हैस दिसते का तुले?"

"नाही."

"टिनं?"

"नाही माय."

"माणूस?"

घरंच सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यांएवढी होती. माणूस कुठून दिसणार. मी मान हलवली.

"मंग माही माय तुले कशी दिसली बे?"

पुण्याचं जोडपं हळूच बाजूला सरकलं. मी म्हटलं, "नाही दिसली. एकदाही नाही दिसली. ते सगळं म्या मनचं सांगतलं. तू दारात उभी राहे, मले नाही म्हणताच येत नव्हतं. आन पहिल्यांदा तर तुपासाठी सांगतलं."

ती दगडावर टेकली. मग म्हणाली, "म्हशीचं खोटं हाय हे मले तवाच समजलं होतं. टिनाचंही. आजारपणाचा निरोप आला तवा बाकीचंही समजायले पाह्यजे होतं. पण म्या म्हटलं, पोरगा लहान हाय, दुरून बसलेलं माणूस आन पडलेलं माणूस त्याले काय ओळखू येणार. दिसली असन. तेवढं म्या खरं धरलं."

मला रडू आलं. चोपन्नाव्या वर्षी, मारोतीला पाठ करून, दोन परक्या माणसांसमोर. मायनं मला गप्प केलं नाही. फडकं सोडून तिनं भाकरी काढली, अर्धी मला दिली, अर्धी त्या पुण्याच्या मुलीला दिली, आणि स्वतः नुसतं पाणी प्यायली. ठेचा लागून त्या मुलीच्याही डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे मी एकटा पडलो नाही.

उतरताना माय पुढे होती, मी मागे. अर्ध्या वाटेवर घळ संपते तिथं ती थांबली. वळून न पाहताच तिनं विचारलं, "लुगडं कोणतं सांगतलं होतं तू तिचं?"

मला आठवावं लागलं नाही. "हिरवं."

"हिरवं होतं तिच्यापाशी," माय म्हणाली, आणि खाली उतरू लागली.